लसीनंतर काय होतं, कधी होतं आणि घाबरायचं कधी

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी पाच महिन्यांची. तीन आठवड्यांपूर्वी ट्रिपलचा दुसरा डोस झाला. त्याच संध्याकाळी ताप 102 पर्यंत गेला, बाळ सलग अडीच तास रडत होतं, आणि टोचलेल्या जागी आलेली गाठ अजून हाताला लागते. सहाव्या महिन्यात तिसरा डोस आहे, त्यासोबत फ्लूची लसही सुचवली आहे. घरचे म्हणतात, आता काही दिवस लसी नकोत. त्यात लसींतल्या पाऱ्याने ऑटिझम (मुलाचं बोलणं, इतरांत मिसळणं मागे पडणं) होतो, असे मेसेजही वाचनात आले. त्या विचारतात, "पुढचे डोस थांबवले तर चालेल का? आणि फ्लूची लस खरंच लागते का?"

ताई, आधी उत्तर देतो. डोस थांबवू नका आणि फ्लूची लसही द्या. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये. ती रात्र तुम्ही जागून काढली आहे, त्यामुळे हे सगळं विचारायचा हक्क तुम्हाला आहे. लहान मुलांवर उपचार करताना मला सत्तावीस वर्षं झाली. "लसीने काहीही होत नाही" असं मी एकाही आईला सांगत नाही, कारण ते खरं नाही. आणि ज्या आईला असं सांगून घरी पाठवलेलं असतं, ती पहिल्याच तापाला हादरते आणि पुढचा डोस चुकवते.

लसीनंतर मुलाला काही झालं तर मी पहिला प्रश्न विचारतो, "कधी झालं?" प्रत्येक लसीचं स्वतःचं घड्याळ असतं. त्या घड्याळात बसणारी गोष्ट लसीमुळे झालेली असू शकते. न बसणारी असेल तर दुसरं कारण शोधावं लागतं, आणि ते शोधलंच पाहिजे.

तुमच्या बाळाला मिळालेल्या ट्रिपलमध्ये घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्याविरुद्धचे घटक असतात. त्यातला डांग्या खोकल्याचा भाग दोन प्रकारे बनतो. जुन्या पद्धतीत मारलेला अख्खा जंतू वापरतात, नव्या पद्धतीत त्याची मोजकी प्रथिनं. अख्ख्या जंतूच्या लसीनंतर साधारण निम्म्या बाळांना ताप येतो. तो काही तासांत सुरू होतो आणि बहुतेकदा दोन दिवसांत उतरतो. मांडी लाल होते, सुजते, पाय हलवला की बाळ रडतं. साधारण शंभरात एखादं बाळ तीन तासांहून जास्त, काही केल्या शांत न होता रडतं. ते ऐकताना आईबापांच्या जिवाचं पाणी होतं, पण त्यातून बाळात कायमचं काही राहत नाही. तुमच्या मुलीचा ताप आणि रडणं या घड्याळात तंतोतंत बसतं. तिला लसीचा त्रास झाला, हे मी मान्य करतो. पुढचा डोस टाळायला मात्र ते कारण पुरत नाही.

याच लसीनंतर क्वचित एक प्रकार होतो, तो माहीत असलेला बरा. बाळ काही तासांत एकदम ढिलं पडतं, पांढरंफटक होतं, हाकेला नीट प्रतिसाद देत नाही. काही मिनिटं ते काही तास असं राहतं आणि मग बाळ पूर्ववत होतं. अशा बाळांवर पुढे लक्ष ठेवून केलेल्या पाहणीत त्यांच्या वाढीवर परिणाम दिसलेला नाही. तरीही असं झालं तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा. हे तेच आहे की दुसरं काही, हे घरी ठरवता येत नाही.

नव्या पद्धतीच्या लसीला बरेच जण "न दुखणारी" म्हणतात. तिने ताप आणि सूज कमी येते, हे खरं. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं. कोणती घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. माझ्या मते कोणतीही वेळेवर घेतलेली चांगली.

आता गोवराची लस बघा. यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो शरीरात थोडा वाढतो आणि मगच प्रतिकारशक्ती तयार होते, म्हणून हिचं घड्याळ उशिरा वाजतं. टोचल्या दिवशी बाळ खेळत असतं. मग साधारण सहाव्या ते बाराव्या दिवसात ताप येतो, काहींच्या अंगावर बारीक पुरळ येतं. दहाव्या दिवशी ताप आला की आई म्हणते, "लसीला तर आठवडा उलटून गेला, हे दुसरंच काहीतरी." आणि दुसऱ्या दिवशी ताप आला तर लसीला दोष देते. खरं तर बहुतेकदा उलटं असतं. गालगुंडाचा घटक असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गालाखाली थोडी सूज येऊ शकते. कांजिण्यांच्या लसीनंतर तीनेक आठवड्यांत दोन-चार फोड उठू शकतात. क्षयरोगाविरुद्धच्या बीसीजीची तऱ्हा आणखी वेगळी. पहिले काही आठवडे दंडावर काहीच दिसत नाही, मग छोटी पुळी येते, ती फुटते, खपली धरते आणि वण उरतो. त्यावर मलम लावू नका, पट्टी बांधू नका, दाबून पू काढू नका. त्याच बाजूच्या काखेत बारीकसं अवधाण आलं तर ते बहुधा आपोआप बसतं. वाढत गेलं किंवा मऊ पडलं तर दाखवा.

लसीनंतरच्या तापातून आकडी येऊ शकते, आणि ती पाहिलेली आई ते दृश्य विसरत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला लसीनंतर साधारण तीन ते चार हजार डोसमागे एका मुलाला तापाची आकडी येते. मात्र कुठल्याही तापात आकडी येण्याची प्रवृत्ती पाच वर्षांखालच्या शंभरांतल्या दोन ते पाच मुलांमध्ये असतेच. सर्दीच्या तापात येते, कानदुखीच्या तापात येते, तशी लसीच्या तापातही येते. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच हॉस्पिटलला न्या, आणि आधी थांबली तरी त्याच दिवशी मूल डॉक्टरांना दाखवा.

आकडीवरून एक जुनी गोष्ट. डांग्या खोकल्याच्या लसीने मेंदूला इजा होते, असा आरोप कित्येक दशकं होता. पहिल्या आकड्या लसीनंतर आल्या, मग मूल मागे पडत गेलं, अशी कुटुंबं खरोखरच होती. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा 14 रुग्णांची जनुकं तपासली. त्यांतल्या 11 जणांत एकाच जनुकातला दोष निघाला. त्या दोषामुळे पहिल्या वर्षात तापाबरोबर आकड्या सुरू होतात आणि आजार पुढे वाढत जातो. लसीच्या तापाने पहिली आकडी त्या दिवशी आणली असेल, पण आजार बाळ जन्माला येतानाच सोबत घेऊन आलं होतं. त्या आयांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं, त्याचा लावलेला अर्थ चुकला होता. "लसीनंतर झालं" आणि "लसीमुळे झालं" यांतलं अंतर मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. म्हणूनच कुठल्याही आईला "तुम्हाला तसं वाटतंय" असं म्हणून मी उडवून लावत नाही.

ऑटिझमचं प्रकरण यापेक्षा वाईट आहे, कारण तिथे मुळातच लबाडी होती. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, अवघ्या 12 मुलांवरचा निबंध छापला. पुढे त्यातली माहिती फिरवल्याचं उघड झालं. 2010 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. त्यानंतर हा संबंध अनेक देशांत तपासला गेला. डेन्मार्कमध्ये 1999 ते 2010 या काळात जन्मलेल्या 6,57,461 मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त नव्हतं. ज्यांच्या भावंडाला ऑटिझम आहे अशी मुलं वेगळी काढून पाहिली, तरी निष्कर्ष तोच आला. मग शंका येते तरी का? कारण बोलणं मागे पडणं, नजर न देणं या गोष्टी आईबापांच्या ध्यानात येतात दीड वर्षाच्या आसपास, आणि त्याच सुमाराला ही लस दिलेली असते.

पाऱ्याबद्दल. एकाहून जास्त डोस असलेल्या कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल हा पदार्थ घालत आणि काही कुप्यांत अजून घालतात. त्यातून इथिल पारा तयार होतो. माशांतून शरीरात जाऊन साठणारा तो मिथिल पारा. नावं सारखी, पण वागणूक वेगळी: इथिल पारा शरीराबाहेर खूप लवकर टाकला जातो. अमेरिकेत 2001 पर्यंत लहान मुलांच्या नेहमीच्या लसींतून थायोमर्सल काढलं गेलं, पण ऑटिझमच्या निदानांचा आकडा त्यानंतर उतरला नाही, चढतच राहिला. शिवाय गोवराच्या लसीत ते कधी नव्हतंच, जिवंत विषाणू त्याने मरेल. एका डोसच्या भरलेल्या सिरिंजमध्येही ते नसतं. मनाला तेवढीच शांतता हवी असेल तर फ्लूची लस तशा सिरिंजमधून मागा.

ज्यांत लसीचाच दोष निघाला, अशा घटनाही घडल्या आहेत आणि त्या लपवून काही साधत नाही. 1998 मध्ये अमेरिकेत, बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची पहिली लस आली. काही महिन्यांतच नोंदी येऊ लागल्या की ती घेतल्यानंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत काही बाळांचं आतडं आतड्यात शिरतंय. प्रमाण साधारण दहा हजारांत एक निघालं आणि 1999 मध्ये लस मागे घेतली गेली. नंतरच्या रोटा लसींची चाचणी म्हणूनच साठ हजारांहून जास्त बाळांवर करावी लागली. आजच्या लसींतही हा धोका थोडा आहे, साधारण वीस हजार ते एक लाख बाळांमागे एक. म्हणून या लसीनंतरचा आठवडाभर मी आयांना एकच चित्र डोक्यात ठेवायला सांगतो: बाळ एकदम पाय पोटाशी घेऊन कळवळतं, काही मिनिटांनी शांत होतं, पुन्हा कळवळतं, उलट्या करतं, शीतून रक्तमिश्रित शेंब पडते. असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लवकर आणलं तर बहुतेक बाळांचं आतडं ऑपरेशनशिवाय सरळ करता येतं.

फ्लूच्या लसींतही अशा घटना आहेत. 1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस कोट्यवधी लोकांना दिली गेली आणि गिलाँ-बारे या, हातापायांतली ताकद जाणाऱ्या आजाराचे साधारण लाखामागे एक जास्तीचे रुग्ण आढळले. मोहीम थांबवली गेली. दर वर्षीच्या फ्लूच्या लसीत हा धोका असलाच तर दहा लाखांमागे एक-दोन इतका आहे, आणि प्रत्यक्ष फ्लू झाल्यावर तो त्याहून जास्त असतो. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात फ्लूच्या एका विशिष्ट लसीने पाच वर्षांखालच्या मुलांत ताप आणि आकड्या वाढल्या, तेव्हा लहान मुलांचं फ्लूचं लसीकरण काही काळ थांबवून ती लस त्या वयासाठी बंद करण्यात आली. फिनलंड आणि स्वीडनमध्ये 2009-10 च्या साथीच्या एका लसीनंतर काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार झाला. ती लस आता वापरात नाही. हे सगळं तुमच्यापुढे मांडतो, कारण यात दिसतं की नोंदी होतात, त्या तपासल्या जातात आणि लसी मागेही घेतल्या जातात. तुमच्या मुलीचा ताप आणि रडणंसुद्धा डॉक्टरांना सांगून नोंदवा.

आता फ्लूची लस का. लहान बाळाचा श्वासमार्ग अरुंद असतो आणि हा विषाणू त्याने पूर्वी कधी पाहिलेला नसतो. पाच वर्षांखालच्यांत, त्यातही दोन वर्षांखाली, फ्लू छातीत उतरून दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण मोठ्या मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. सहा महिन्यांआधी ही लस देत नाहीत, म्हणून गरोदरपणात आईने घेतलेली लस त्या सहा महिन्यांत बाळाला उपयोगी पडते. पहिल्या वर्षी दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे, पुढे दर वर्षी एक. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते विषाणू असावेत ते ठरवते. अंदाज चांगला जुळला त्या वर्षी दवाखान्याची पायरी चढायला लावणारा फ्लू साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा गोवराच्या लसीच्या जवळपासही नाही, ते मी मान्य करतो. पण लस घेऊनही फ्लू झाला, तरी तो सहसा हलका जातो.

"लस घेतली आणि फ्लूच झाला" असं मी दर मोसमात ऐकतो. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होऊ शकत नाही. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, त्या काळात लागण होऊ शकते. शिवाय त्या दिवसांत सर्दीचे इतर विषाणूही फिरत असतातच. लसीचा स्वतःचा त्रास म्हणजे टोचलेल्या जागी दुखणं आणि दिवसभराची कणकण. लहान मुलांत ताप येतो, दोन दिवसांत जातो. फ्लू आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) लस एकाच दिवशी दिली तर तापाच्या आकडीची शक्यता किंचित वाढते. घरात आकडीचा इतिहास असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. अंड्याची ॲलर्जी असली तरी आता फ्लूची लस देता येते. नाकात फवारायची लस जिवंत असते, ती दोन वर्षांखाली देत नाहीत.

खरी भीती कशाची, तर तीव्र ॲलर्जीची. दहा लाख डोसमागे साधारण एक. माझ्या हातून आजवर एकदाच घडली. चार वर्षांचा मुलगा होता. लस देऊन आठ मिनिटं झाली असतील, बाहेरच्या बाकावरून त्याच्या वडिलांनी हाक मारली. मानेवर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजायला लागले होते, आवाज घोगरा झाला होता. मांडीत ॲड्रिनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जी रोखणारं इंजेक्शन, दिलं, आडवं झोपवून पाय वर घेतले, ऑक्सिजन लावला. दहा मिनिटांत रंग परत आला. त्याला रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो. त्याचे वडील घाईत असते आणि लगेच निघाले असते, तर हे रस्त्यात घडलं असतं. म्हणून लस झाल्यावर पंधरा ते तीस मिनिटं थांबा, कुणी "निघा आता" म्हटलं तरी थांबा. आणि टोचण्याआधी "इथे ॲड्रिनलिन आहे ना?" असं बिनधास्त विचारा. मला असं विचारलेलं आवडतं.

काही अपघात लसीचे नसतात, हाताळणीचे असतात. जुलै 2018 मध्ये प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात दोन बाळं गोवराच्या लसीनंतर काही मिनिटांत दगावली. चौकशीत निघालं की लसीच्या पावडरीत तिचं द्रावण घालण्याऐवजी मुदत संपलेलं, स्नायू ढिले करणारं भुलीचं औषध मिसळलं गेलं होतं. लस निर्दोष होती. पण लसीकरण काही महिने थांबलं, लोकांचा विश्वास उडाला आणि लस मिळालेल्या बाळांचं प्रमाण 31 टक्क्यांच्या आसपास घसरलं. 2019 च्या शेवटी गोवर आला. दोन लाख वस्तीच्या त्या देशात 5,700 हून जास्त लोकांना तो झाला आणि 83 जण गेले, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. या गोष्टीपाशी मी दर वेळी अडखळतो. दोन मृत्यू अक्षम्य होते, आणि त्यांच्या भीतीतून पुढचे 83 झाले.

डांग्या खोकल्याचंही तसंच. जपानमध्ये 1975 मध्ये दोन बाळांच्या मृत्यूनंतर ही लस काही काळ थांबली आणि नंतर फारसं कुणी घेईना. 1974 मध्ये तिथे 393 रुग्ण होते, मृत्यू एकही नाही. 1979 मध्ये रुग्ण 13,000 च्या घरात गेले आणि 41 मृत्यू झाले. हा खोकला तान्ह्या बाळात कसा असतो, ते तुम्ही पाहिलेलं नसेल. दीड महिन्याचं एक बाळ माझ्याकडे आलं होतं. उबळ येईल तसं ते खोकायचं, वीस-बावीस वेळा, मध्ये श्वास न घेता. मग खोकला थांबायचा आणि श्वासही. ओठ निळे पडायचे. नर्स तळपायावर टिचक्या मारायची, तेव्हा कुठे छाती हलायची. असं दिवसातून तीस-चाळीस वेळा, अकरा दिवस. ते वाचलं. त्याची आई त्या अकरा दिवसांत आडवी झाली नाही.

पुढच्या खेपेला काय करायचं ते सांगतो. साधी सर्दी असेल, ताप नसेल, तर लस घेऊन टाका. चांगलाच ताप असेल तर तो उतरू द्या. टोचताना बाळाला मांडीवर उभं धरा, जमलं तर अंगावर पाजत राहा, रडणं खरंच कमी होतं. तापाचं औषध टोचण्याआधी देऊ नका. 2009 च्या एका अभ्यासात आधीपासून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांची प्रतिकारशक्ती थोडी कमी तयार झालेली दिसली. मेंदूज्वराविरुद्धची मेनिंगोकोकल बी ही लस याला अपवाद आहे, ती देताना पॅरासिटामॉल ठरवून देतात. ताप येऊन बाळ बेचैन झालं की मग द्या. मात्रा वयावर नाही, वजनावर: किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. थेंब आणि सिरपची तीव्रता वेगळी असते, बाटलीवरचा आकडा वाचूनच मोजा. ॲस्पिरिन मुलांना नाही. कपडे सैल ठेवा, थंड पाण्याच्या पट्ट्यांनी बाळाला कुडकुडवू नका.

ताप 104 च्या वर गेला, दोन दिवसांनंतरही राहिला, बाळ दूध ओढेना, उठवलं तरी झोपेतच राहिलं, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर वेळ न घालवता दाखवा, आणि तेव्हा "लसीचाच असेल" असं समजून बसू नका. लस झाल्याच्या दिवसांत न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्गही होऊ शकतो. लसीवर ढकलून उशीर झालेली बाळं मी पाहिली आहेत.

राहिली गाठ. ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसी स्नायूत टोचल्यावर अशी वाटाण्याएवढी टणक गाठ राहते, कधी काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही. दुखत नसेल, लाल नसेल, गरम लागत नसेल तर तिला हात लावू नका, चोळू नका, शेकू नका. पुढचं इंजेक्शन दुसऱ्या मांडीत द्यायला सांगा, आणि महिन्याने पुन्हा चाचपून बघा.